फॅक्टरी रिसेट आणि बॅकअपवरून रिस्टोअर: काही महिने वापरल्यानंतर

अँड्रॉइड फोन पूर्ण पुसून बॅकअपवरून परत उभा केला, त्याला आता काही महिने झाले. त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण तेव्हा सगळं परत आलंय असं वाटत होतं. काय आलं नाही ते नंतर सावकाश कळतं. क्वचित लागणारं एखादं ॲप दोन महिन्यांनी उघडावं आणि ते कोरंकरकरीत निघावं, असं होतं. म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

मत आधीच सांगून टाकतो. फोनचा अंगभूत बॅकअप फोनची मांडणी फार छान परत आणतो. ॲपच्या आतलं मात्र परत येणार की नाही, हे ते ॲप बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप चालू’ दिसतंय एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

रिसेटची वेळ आली ती एका मोठ्या अपडेटनंतर. फोन अडखळायला लागला, बॅटरी भराभर उतरायला लागली, स्टोरेज तर काठोकाठ भरलेलं होतंच. आधी रिकव्हरी मोडमध्ये (फोन सुरू होण्याआधीचा दुरुस्तीचा मेनू) जाऊन फक्त कॅशे, म्हणजे फोनने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, पुसून पाहिली. त्यात आपला डेटा जात नाही, त्यामुळे ज्यांच्या फोनमध्ये हा पर्याय आहे त्यांनी तो आधी जरूर करून बघावा. मला फरक पडला नाही. एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, तो इथेच दूर करतो: फॅक्टरी रिसेटने अँड्रॉइडची जुनी आवृत्ती परत येत नाही. आवृत्ती आहे तीच राहते, फक्त तुमचा डेटा जातो.

आणि तो जातो म्हणजे जातोच. हल्लीच्या फोनमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, असतो आणि रिसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. ‘डिलीट झालेले फोटो परत मिळवा’ म्हणणारी सॉफ्टवेअर त्यानंतर काही करू शकत नाहीत. त्यामुळे बटण दाबण्याआधीचा अर्धा दिवस हाच या सगळ्या कामातला खरा भाग आहे.

अंगभूत बॅकअप नक्की काय करतो ते समजून घेतलं तर पुढचा मनस्ताप टळतो. ॲपचा डेटा आपोआप साठवायची सोय अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. पण एका ॲपला कमाल मर्यादा २५ एमबी, आणि ॲप बनवणारा ही सोय पूर्ण बंदही ठेवू शकतो. बँकेची ॲप्स सुरक्षेसाठी हेच करतात, आणि ते योग्यच आहे. पण साध्या नोंदवहीच्या ॲपनेही असं केलं असेल तर आपल्याला ते कळायला जागा नाही. बॅकअपच्या यादीत ॲपचं नाव दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. या व्यवस्थेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. ज्या गोष्टीच्या भरवशावर मी फोन पुसणार, ती मला उघडून बघता आली पाहिजे.

दुसरं म्हणजे हा बॅकअप रोज होतो असं आपण धरून चालतो. फोन चार्जिंगला, वाय-फायवर आणि न वापरता पडून असेल तेव्हाच तो सहसा होतो. रिसेटच्या आधी ‘आत्ता बॅकअप घ्या’ हे बटण स्वतः दाबा आणि खाली आजची तारीख-वेळ उमटली का ते बघा. जुना फोन कपाटात टाकून ठेवणाऱ्यांसाठीही एक सूचना. ५७ दिवस फोन वापरला नाही तर गूगलच्या खात्यातला त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो.

रिस्टोअरच्या वेळी पहिल्याच पडद्यांपैकी एकावर जुन्या फोनचं नाव आणि बॅकअपची तारीख दिसते. तो निवडला की जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विचारतात. अँड्रॉइड ९ पासून बॅकअपची किल्ली स्क्रीन लॉकशी बांधलेली आहे, त्यामुळे तो पिन आठवलाच पाहिजे. चुकीचे अंदाज ठरावीक संख्येपलीकडे गेले की तो डेटा कायमचा बंद होतो. ही कडक व्यवस्था मला पटते. माझे मेसेज गूगललाही वाचता येऊ नयेत, याची तेवढी किंमत मोजायला माझी तयारी आहे.

पुढचं काम देखणं होतं. होम स्क्रीनवर सगळे आयकॉन आपापल्या जागी आधी करड्या रंगात आले, मग एकेक करत रंग भरत गेले. एसएमएस, कॉल लॉग, वाय-फायचे पासवर्ड, वॉलपेपर, अगदी अलार्मसुद्धा आले. ब्लूटूथचे हेडफोन पुन्हा जोडावे लागले. बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागले. ते फोनच्या सुरक्षित चिपबाहेर जातच नाहीत, त्यामुळे बॅकअपमध्ये असण्याचा प्रश्नच नाही. प्ले स्टोअरबाहेरून टाकलेली ॲप्स आपोआप आली नाहीत. बँकेच्या ॲप्सना नव्याने नोंदणी लागली, त्यात एक संध्याकाळ गेली.

व्हॉट्सॲपचा संसार पूर्ण वेगळा. फोनच्या बॅकअपवर विसंबून चालत नाही, त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप घ्यावा लागतो, आणि तो गूगल खात्याच्या १५ जीबीमध्ये मोजला जातो. आधी मोजत नसत, २०२४ पासून ते बदललं. माझ्याकडे व्हिडिओंचा ढीग होता, तो आधी कमी केला, नाहीतर बॅकअप अर्ध्यात अडकला असता. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवा. ती हरवली तर व्हॉट्सॲपवालेही काही करू शकत नाहीत.

याशिवाय फोनमध्येच व्हॉट्सॲपची एक स्थानिक प्रत असते. फाइल मॅनेजरमध्ये ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर. ते अख्खं फोल्डर मी कॉम्प्युटरवर घेतलं. गेलेल्या आजीचे व्हॉइस मेसेज त्यात आहेत आणि ते एकाच ठिकाणी ठेवायची माझी तयारी नव्हती. नंबरची पडताळणी झाल्यावर ‘बॅकअप सापडला’ असा पडदा येतो, तिथे घाईने ‘वगळा’ दाबू नका. मेसेज आधी येतात, फोटो आणि आवाज मागाहून येत राहतात. सुरुवातीला व्हॉइस मेसेज वाजत नाहीत म्हणून घाबरायला होतं. वाय-फायवर रात्रभर ठेवल्यावर सगळे आले. आजीचा शेवटचा मेसेज मी दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण ऐकला.

फोटोंची गोष्ट वेगळीच झाली. कॅमेऱ्याने काढलेले फोटो ठीक आले, कारण तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमध्ये ती माहिती काढून टाकलेली असते. कॉम्प्युटरवरून परत कॉपी केल्यावर असे कित्येक वर्षांचे फोटो गॅलरीत एकाच तारखेखाली येऊन बसले. सुदैवाने फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस असतो, त्यावरून तारीख बदलून देणारी साधनं मिळतात. काम किचकट आहे, पण होतं. ज्यांना हा त्रास नको त्यांनी रिसेटआधी फोटो गूगल फोटोजवर पूर्ण चढू द्यावेत आणि ‘बॅकअप पूर्ण’ असं दिसेपर्यंत थांबावं.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे ओटीपी बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खात्याशी सिंक करायची सोय २०२३ मध्ये आली. ती चालू नसेल आणि कोड दुसऱ्या फोनवर नेले नसतील, तर रिसेटनंतर आपल्याच खात्यांच्या दाराबाहेर उभं राहावं लागतं. मी प्रत्येक खात्याचे राखीव कोड आधी छापून ठेवले. त्यातला एक खरोखर वापरावा लागला.

वापरलेला फोन दुसऱ्याला देणार असाल तर रिसेट सेटिंग्जमधूनच करा आणि आधी गूगल खातं काढा. रिकव्हरी मोडमधून पुसलेला फोन सुरू होताना जुनं खातं मागतो. चोराला अडवण्यासाठी अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आहे, पण घेणारा प्रामाणिक माणूसही तिथेच अडकतो.

आता मूळ प्रश्न, फोन सुधारला का? सुधारला, आणि अजून टिकून आहे. पहिले दोन दिवस तो गरम होत होता आणि बॅटरीही उतरत होती, कारण मागे डाउनलोडिंग आणि फोटोंची छाननी चालू होती. त्या दोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नका. त्यानंतर फोन शांत झाला. पण माझ्या निरीक्षणाप्रमाणे निम्म्याहून जास्त फायदा रिसेटचा नाही, मोकळ्या झालेल्या जागेचा आहे. स्टोरेज गच्च भरलं की फोनला लिहायला मोकळी जागा शोधावी लागते आणि तो मंदावतो. मी न वापरलेली ॲप्स परत घेतलीच नाहीत आणि साधारण पाचवा हिस्सा रिकामा ठेवतो. तेवढं केल्यावर नवीन असतानाचा वेग अजूनही जाणवतो.

घरातला आयफोन याच काळात रिस्टोअर केला. तिथे ॲपच्या आतला मजकूरही बहुतेक जसाच्या तसा आला, त्या बाबतीत अँड्रॉइड स्पष्ट मागे आहे. फक्त आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच आहे, त्यामुळे कॉम्प्युटरवर बॅकअप घेतला. तो घेताना एन्क्रिप्शनची खूण जरूर करा, नाहीतर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी त्यात येत नाहीत.

फोन फक्त मंद झालाय म्हणून रिसेटचा विचार करत असाल, तर आधी स्टोरेज मोकळं करून आठवडाभर वापरून बघा. अपडेटनंतर ॲप्स सारखी बंद पडत असतील किंवा फोन विकायचा असेल, तर रिसेट करायला हरकत नाही. मात्र त्याआधी रोज लागणारं प्रत्येक ॲप उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ आहे का ते शोधा. आणि ती फाइल कॉम्प्युटरवर नेऊन उघडते का, ते फोन पुसायच्या आधीच तपासा.