नाशिक दर्शनची गाडी: साडीच्या दुकानात पाऊण तास, काळारामात पंधरा मिनिटं
सोलापूरहून मावशी आलेली, तिचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही स्वतः नाशिककर असूनही एक दिवसाची 'नाशिक दर्शन'ची गाडी ठरवली. कुणाची ते लिहीत नाही. गाडी स्वच्छ, एसी चालू, ड्रायव्हर दादा अगदी सभ्य, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण दाखवलं काय? पांडवलेणी खालूनच, "वर पायऱ्या फार आहेत" म्हणून. अहो, वर चोवीस लेणी आहेत, सातवाहनांचे शिलालेख आहेत, पांडवांचा तर काही संबंधच नाही, हे तरी सांगा! काळाराम मंदिरात पंधरा मिनिटं, १९३० च्या सत्याग्रहाचं कुणी नावही काढलं नाही, बाबासाहेबांनी जिथे लढा दिला तिथे आम्हाला ऐकू आलं फक्त "चपला इकडे काढा". आणि मग पैठणीच्या दुकानात पाऊण तास. तिथे मात्र कुणालाच घाई नव्हती.

शेवटी चार वाजता रामकुंडापाशी उतरलो आणि दादाला म्हटलं तुम्ही चहा घ्या, आम्ही येतो. खरं नाशिक तिथून पुढे सुरू झालं. नारोशंकराच्या देवळाची ती घंटा, वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आणलेली, मावशी मान वर करून बघतच राहिली. तिला नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीही दाखवला, पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला यावरच आम्ही पूर किती ते ठरवतो. मग रामसेतू पुलावरून चालत नदीपलीकडे, सराफ बाजार, सरकारवाडा, तिथून भांडी बाजार. गुडघ्यांची आठवण तिलाही नाही आणि मलाही नाही.

भांडी बाजारात एका दुकानात तांब्याचा तांब्या हातात घेतला तर तिने आधी नखाने टिचकी मारली, मग आत हात घालून बूड चाचपलं, मग म्हणे "पातळ आहे, दुसरा दाखवा". दुकानदारही कसलेला, हसत हसत मागच्या फळीवरून जड काढला आणि सरळ काट्यावर ठेवला.

गाडीला पाचपैकी दोन स्टार, तेही एसीचे. फिरायला आलात तर रामकुंडापर्यंत रिक्षा करा आणि पुढे पायी जा, सकाळी लवकर गेलात तर गर्दीही कमी.

काट्यावर तांब्या होता तेवढ्यात ड्रायव्हर दादाचा फोन, सोमेश्वर राहिलंय म्हणून. मावशी म्हणाली, "उचलू नको गं, आधी भाव होऊ दे."