बाळ हृदयाच्या आयसीयूत असताना: भाड्याच्या मेडेला सिम्फनी पंपाचं परीक्षण

आधी निकाल सांगतो. जन्मतःच हृदयाचा दोष निघालेल्या आणि ऑपरेशनची वाट पाहत आयसीयूत असलेल्या बाळाच्या आईने पहिले दोन-तीन महिने अंगावरचं दूध काढायचा हा विजेवरचा पंप भाड्याने घ्यावा. विकत घेऊ नये. मशीन उत्तम आहे. पण ते चालतं दोन गोष्टींवर: दिवसातून किती वेळा लावता, आणि त्यातली नखाएवढी पांढरी चकती धड आहे की नाही.

असल्या बाळाला दूध ओढताना दम लागतो, कपाळाला घाम फुटतो, चार घोट घेतले की ते थकून झोपतं. हृदयाजवळची डक्टस ही रक्तवाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप चालू असेल, तर काही डॉक्टर तोंडाने काहीच देत नाहीत, काही नळीतून थोडं थोडं दूध देतात. म्हणजे दूध उतरायच्या नेमक्या दिवसांत स्तनाला ओढणारं कुणी नसतं. ते काम मशीनला करायचं असतं. दिवसाला दोन-तीनदा वापरायचे छोटे घरगुती पंप किंवा ब्रामध्ये बसणारे पंप एरवी ठीक आहेत, पण नव्याने दूध उभं करायला केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

सिम्फनीचं खरं बळ त्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे. ‘इनिशिएट’ हा पहिल्या दिवसांसाठी, नवजात बाळासारखा अनियमित ओढणारा आणि मधे थांबणारा. तो १५ मिनिटांनी आपोआप संपतो. सलग तीन वेळा दोन्ही बाजू मिळून २० मिलिलिटर किंवा जास्त दूध आलं की ‘मेंटेन’ या पुढच्या प्रोग्रॅमवर जायचं. पाच दिवसांत तेवढं नाही आलं, तरी सहाव्या दिवशी बदलायचं. मेंटेनमध्ये सुरुवातीला मिनिटाला १२० झटके बसतात, ते पान्हा फोडण्यासाठी. दोन मिनिटांनी गती उतरते आणि ओढ खोल होते. पान्हा आधीच फुटला तर थेंबाचं चित्र असलेलं बटण दाबून पुढे जाता येतं. ओढ वाढवत न्यायची, खुपायला लागलं की एक पायरी खाली आणायची. जास्त ओढलं म्हणजे जास्त दूध, हा गैरसमज आहे. दुखलं की पान्हा अडतो. हे प्रोग्रॅम मशीनमधल्या कार्डात असतात. जुन्या मशिनांतल्या कार्डात इनिशिएट नसतो, म्हणून भाड्याने घेताना कार्ड कोणतं आहे ते विचारा.

मशीन अनेक आयांनी वापरलेलं चालतं, दूध मोटरपर्यंत जात नाही. पण शील्ड (स्तनावर बसणारं नरसाळं), नळ्या, बाटल्या असा किट प्रत्येकीचा स्वतःचा, सीलबंद हवा. ‘उकळून दिलाय’ म्हटलं तरी वापरलेला किट घेऊ नका. ताब्यात घेताना शील्ड तळहातावर दाबून दोन्ही बाजूंची ओढ तपासा, आणि बॅटरी आहे का पाहा. सगळ्या मशिनांत ती नसते. प्लगजवळच बसावं लागणं ही मोठी अडचण आहे, शिवाय टाके ताजे असताना हे मशीन आईने स्वतः उचलू नये.

बरोबर येणारी शील्ड बहुधा २४ मिलिमीटरची असते, आणि ती सगळ्यांना बसत नाही. स्तनाग्राचा व्यास मोजा, त्याहून ३-४ मिलिमीटर मोठी शील्ड घ्या. २१, २७, ३० अशी मापं मिळतात. स्तनाग्र नळीच्या कडेला घासत असेल तर लहान होतेय, भोवतालचा काळा भाग आत खेचला जात असेल तर मोठी.

आता ती चकती. शील्ड आणि बाटली जोडणाऱ्या जुन्या धाटणीच्या कनेक्टरखाली पिवळी झडप असते आणि तिच्यावर पांढरा मऊ पडदा बसतो. काल ६० मिलिलिटर येत होतं, आज २० वर आलं, आणि घरात ‘दूध आटलं’ म्हणून रडारड सुरू झाली, तर आधी हा पडदा काढून उजेडात धरा. कडेला बारीक चीर असते, किंवा साय अडकून तो झडपेवर सपाट बसत नाही, आणि ओढ निम्मी होते. धुताना तो झडपेपासून वेगळा करा, बोटाने चोळा, नखाने नाही. एक जादा जोडी जवळ ठेवा.

बाकीचे भाग आधी गार पाण्याने धुवा, मग कोमट साबणाच्या पाण्याने, आणि तेही वेगळ्या पातेल्यात, बेसिनमध्ये ठेवून नाही. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. नळ्यांत वाफेचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर मशीन काही मिनिटं रिकामं चालवा. पावसाळ्यात ओल्या नळ्यांत बुरशी धरते. काळे ठिपके दिसले की नळी फेकायची, धुवायची नाही.

वेळापत्रकाशिवाय हे सगळं वाया. प्रसूतीनंतर शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरुवात, मग २४ तासांत ८ ते १० वेळा, दर वेळी १५-२० मिनिटं. रात्री एकदा तरी उठायचंच, पाच तासांहून मोठा खंड नको. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच चढतं असतं. चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास पोचलं तर पुढची काळजी बरीच कमी होते. आळीव, डिंकाचे लाडू, शतावरी बाळंतिणीने आवडीने खावं. पण स्तन रिकामा झाला तरच नवं दूध येतं.

पहिल्या दोन दिवसांत मशीन लावाच, पण चीक जमवायला हात बरा. चिकाचं दूध थेंबाथेंबाने येतं आणि शील्डलाच चिकटून राहतं. हाताने काढून १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये घ्या. बाळाला पाजायची मनाई असली तरी डॉक्टर हो म्हणाले तर ०.१ मिलिलिटर एकेका गालाच्या आत लावता येतं. हे सिस्टरला आपणहून विचारा.

बाळ एका वेळी ५-१० मिलिलिटर घेत असेल, तर १०० मिलिलिटरची बाटली भरून देऊ नका, उरलेलं फेकलं जातं. २०-३० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या करा. वर आईचं नाव, बाळाचा आयपी (हॉस्पिटलात दाखल केल्याचा) नंबर, तारीख, वेळ. खोलीत चार तास, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला (दारात नाही) दोन ते चार दिवस. प्रत्येक युनिटचा नियम वेगळा असतो, तोच पाळा. वितळलेलं दूध २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. ऑपरेशनआधी आईचं दूध साधारण चार तास आधी बंद होतं, तेव्हा वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हृदयाच्या बाळांत पाण्यावर मर्यादा असते, म्हणून डॉक्टर दुधात फॉर्टिफायर (पोषण वाढवणारी पूड) घालायला सांगतात. ते दूध पातळ असल्याचं लक्षण नव्हे. ऑपरेशननंतर छातीच्या नळीतून दुधाळ पाणी येऊ लागलं, म्हणजे कायलोथोरॅक्स झाला, तर चरबी चालत नाही आणि काही आठवडे एमसीटीचं (वेगळ्या, सहज शोषल्या जाणाऱ्या चरबीचं) खास दूध देतात. याच वेळी काही आया पंप परत करतात. करू नका. काढत राहा, गोठवत राहा. काही ठिकाणी आईच्याच दुधातली चरबी काढून ते बाळाला देतात, आणि नाहीतरी पुढे ते लागणारच आहे.

दूध कमी पडलं तर मिल्क बँकेची, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध देणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. आशियातली पहिली अशी बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलातच सुरू झाली. तिथलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चरीकृत केलेलं असतं.

बाळ अंगावर ओढायला लागलं तरी पंप लगेच परत करू नका. सुरुवातीला ते दोन-चार मिनिटांत दमतं, उरलेलं काढावंच लागतं. रोजचं वजन वाढू लागलं की एकेक वेळ कमी करत आणा. एकदम बंद केलं तर गाठी होतात.