कर्जासोबत गळ्यात मारलेला ‘घराचा विमा’

सांगलीत कर्ज काढून घर घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

२०१७ ला कर्नाळ रोडच्या बाजूला जुनं बैठं घर घेतलं. कर्जाच्या सह्या करताना बँकेतल्या साहेबांना सरळ विचारलं, पुराचं काय? "सर, घराचा विमा कर्जातच बसवलाय. आग, पूर, भूकंप, सगळं आलं." एकरकमी हप्ता कर्जात मिळवला, म्हणजे त्यावर व्याजही चालू. पॉलिसी मागितली की उत्तर ठरलेलं: "मूळ कागद फाइलला लावलाय."

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर आतून फ्रीज आडवा पडलेला, प्लायवूडची कपाटं फुगून दारं उघडेनात. क्लेमसाठी हट्टानं कागद काढायला लावला. त्यावर माझी जन्मतारीख आणि वारस म्हणून बायकोचं नाव! घराच्या विम्याला वारस कशाला? तो माझ्या जिवावरचा विमा होता. मी मेलो तर कर्ज फिटणार, घर बुडालं तर काही नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "कर्ज सुरक्षित म्हणजे घर सुरक्षितच की." सही माझी होती, तोंडी आश्वासनाला पुरावा नव्हता. पुराचा एक रुपया मिळाला नाही.

आता कुणी विचारलं तर सांगतो, आधी गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, ‘आयर्विनला किती फूट झालं की इथं पाणी येतं?’ घर विकणारा हे सांगणार नाही. निळी (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा नकाशावर बघा. पाणी येण्यासारखं असेल तर विमा घ्याच, पण कर्जाच्या कागदांत मिसळून नको, वेगळा. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी मिळते, तिच्यात पूर धरलेला असतो. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. जागेची किंमत त्यात धरून कुणी आकडा फुगवत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. घरातल्या सामानाची रक्कम वेगळी लिहिलेली आहे का, तेही बघा.

असाच कागद तुमच्याही फाइलला निघाला, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.