जवळचा सर्व्हर की लांबचा? आभासी जगात मुक्काम टाकण्याआधी

आभासी जगात नव्याने जागा घ्यायची आणि बांधकामाला हात घालायचा, तर बहुतेकांपुढे दोन पर्याय येतात. एक जवळचा सर्व्हर, म्हणजे ते जग चालवणारा संगणक, जिथे पिंग (निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) तीस-चाळीस मिलिसेकंद दाखवतं. दुसरा हजारो किलोमीटर लांबचा, जिथे पिंग दोनशेच्या खाली उतरतच नाही, पण जग माणसांनी भरलेलं आहे आणि वर्षानुवर्षं नीट सांभाळलेलं आहे. मी दोन्हीकडे बऱ्यापैकी राहिलोय. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. तुमचा वापर वेगळा असेल तर तुमची निवडही वेगळी होऊ शकते.

आधी लांबच्या सर्व्हरचं दुखणं बघू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरमागे १ मिलिसेकंद. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर १०० मिलिसेकंद लागणारच. त्यात समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा दीडशे-दोनशेवर जातो. नेटचा दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला तरी हा वेळ कमी होत नाही. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवरची चित्रं, लवकर उतरतील, पाऊल मात्र तेवढंच उशिरा पडेल.

हा उशीर नेमका कुठे टोचेल, ते जगाच्या रचनेवर ठरतं. सेकंड लाइफ या आभासी जगात अवतार, म्हणजे तुमचं तिथलं रूप, चालतो तो सर्व्हरवर. तुम्ही बाण दाबता, निरोप तिकडे जातो, पाऊल तिकडे पडतं आणि मग ते तुम्हाला दिसतं. बोट उचललं तरी अवतार आणखी एखादं पाऊल टाकतोच. अरुंद जिन्यावर, गच्चीच्या कडेला हे चांगलंच जाणवतं. त्याहून वाईट म्हणजे वाहनात बसून एका रीजनमधून दुसऱ्यात जाणं. २५६ मीटरचा चौकोन संपला की तुमचा ताबा दुसऱ्या सिम्युलेटरकडे, म्हणजे पुढचा रीजन चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, द्यावा लागतो. त्यासाठी तुमच्या संगणकाशी निरोपांची अनेक वेळा ये-जा होते, आणि प्रत्येक फेरीला अंतर मोजून द्यावं लागतं.

ठोकळ्यांनी बांधायच्या माइनक्राफ्टमध्ये तसं नाही. तिथे तुम्ही तुमच्याच संगणकावर लगेच चालता, सर्व्हर मागाहून तपासतो. अंतर जाणवतं ते पेटी उघडताना, वस्तू उचलताना आणि मारामारीत. अंतराळातल्या ईव्ह ऑनलाइन या खेळाचा तर सगळा हिशोबच एकेका सेकंदाच्या टिकवर चालतो; टिक म्हणजे सर्व्हर जग पुढे सरकवतो तो एक ठोका. तिथे दोनशे मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तरी सहसा काही बिघडत नाही. म्हणून चीन सोडून बाकी जगाचे खेळाडू लंडनमधल्या एकाच सर्व्हरवर नांदू शकतात.

उड्या, तलवारबाजी, शर्यती यांत जवळचा सर्व्हर सरळ पुढे आहे. यावर वाद नाही.

तरीही मी जवळच्या सर्व्हरवरून उठलो. कारण एकच: मागे ओढलं जाणं. रबरबँडिंग म्हणतात ते. दिवसा पिंग सुरेख असायचं. संध्याकाळी सगळे आले की तेच पिंग तीसवरून मध्येच तीनशेवर उडी मारायचं आणि परत खाली यायचं. मी उंच मनोऱ्याच्या कडेवर वाकून ठोकळे लावत पुढे सरकतोय, पाच-सहा लावून झालेत, आणि अचानक मी परत पहिल्या ठोकळ्यावर. कधी लावलेले ठोकळेच गायब, आणि मी थेट खाली. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, वाटेत तुंबतात आणि मग एकदम पोचतात. सर्व्हरला वाटतं, या माणसाने एका टिकमध्ये नको तेवढं अंतर कापलं. मग तो तुम्हाला आधीच्या जागी नेऊन ठेवतो. लॉगमध्ये त्याची 'मूव्हड टू क्विकली' अशी नोंदही होते.

लांबच्या सर्व्हरवर उशीर जास्त होता, पण रोज तेवढाच होता. बोटांनी तो अंगवळणी पाडून घेतला. अवतार कुठे थांबेल याचा अंदाज घेऊन मी कळ आधीच सोडायला लागलो आणि काही काळाने ते लक्षातही येईनासं झालं. तीस आणि तीनशेच्या मध्ये हेलकावणाऱ्या पिंगचा असा अंदाज कधीच बांधता येत नाही. मी आकडे लिहून ठेवून तुलना केलेली नाही, पण माझ्यापुरतं सांगायचं तर स्थिर २२० हे डळमळीत ४० पेक्षा कितीतरी सुसह्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंनी हे फार आधीच करून दाखवलंय. त्यांचे 'ओशॅनिक' सर्व्हर २०१४ पर्यंत प्रत्यक्षात अमेरिकेत होते. तेवढी वर्षं त्यांनी महासागर ओलांडूनच मोठमोठ्या मोहिमा खेळल्या.

आता कोणी म्हणेल, जवळचा सर्व्हरही नीट सांभाळलेला असू शकतो. अगदी खरं. तसा मिळाला आणि तुमची माणसंही तिथेच असली तर डोळे मिटून घ्या. पण जवळच्याची आणखी दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे नकाशावर जवळ असलेला सर्व्हर नेटवर जवळ असेलच असं नाही. तुमच्या नेट कंपनीची आणि सर्व्हर ठेवणाऱ्या कंपनीची जवळपास कुठे जोडणी नसेल तर डेटा परदेशाचा वळसा घालून येतो. ट्रेसरूट, म्हणजे डेटाची वाट दाखवणारी कमांड, चालवून पाहिलं की हे लगेच उघड होतं.

दुसरं म्हणजे सर्व्हरची स्वतःची दमछाक. माइनक्राफ्टला सेकंदाला २० टिक लागतात, म्हणजे एका टिकचं काम ५० मिलिसेकंदांत उरकायला हवं. स्वस्तातल्या, भागीदारीच्या मशीनवर गर्दी झाली की हे जमत नाही. पिंग झकास दिसतं, पण ठोकळा फुटायला वेळ लागतो आणि गाई जागच्या जागी थिजतात. मोठी जगंही यातून सुटलेली नाहीत, पण त्यांनी उपाय शोधलेत. ईव्हमध्ये २०१२ पासून टाइम डायलेशन आहे. प्रचंड लढाई झाली की जगाचा वेगच मूळच्या १० टक्क्यांपर्यंत उतरवतात, म्हणजे सगळेच सारखे हळू होतात आणि कोणी मागे पडत नाही.

लांबच्या सर्व्हरविरुद्ध एक मुद्दा मात्र मी मान्य करतो: आवाजी गप्पा. फोनच्या जगात बोलणं समोरच्यापर्यंत १५० मिलिसेकंदांत पोचावं असा संकेत आहे. तुम्ही लांब असाल आणि समोरचा सर्व्हरपाशीच असेल तर तेवढ्यात निभावतं. पण तुम्ही दोघेही लांब असाल, अगदी शेजारच्या खोलीत बसलेले असलात तरी, आवाज सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो. मग एकमेकांच्या बोलण्यात बोलणं सुरू होतं. तुमची सगळी मंडळी एकाच भागातली असतील आणि टायपिंगपेक्षा बोलणंच जास्त असेल, तर जवळच्याचं पारडं नक्कीच जड होतं. किंवा बोलण्यापुरतं वेगळं ॲप वापरा, आम्ही तेच करतो.

निवडण्याआधी पिंग एकदाच बघून भुलू नका. ज्या वेळेला तुम्ही रोज खेळणार त्याच वेळेला जा, पंधरा-वीस मिनिटं पिंग चालू ठेवा आणि सरासरी सोडून सगळ्यात वाईट आकडे बघा. सेकंड लाइफमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ दाबलं की आकडेवारीची पट्टी उघडते. त्यात पिंग सिम (सर्व्हरपर्यंतचं पिंग), पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) आणि टाइम डायलेशन (जग किती वेगाने चालतंय; १ म्हणजे पूर्ण वेग) हे तिन्ही बघा. डायलेशन १ च्या आसपास नसेल तर दोष अंतराचा नाही. पेपर किंवा स्पिगॉट या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर परवानगी असेल तर टीपीएसची, म्हणजे सेकंदाला किती टिक होतात ते सांगणारी, कमांड देऊन बघा, नाहीतर मालकाला थेट विचारा. जो मालक संध्याकाळचा टीपीएस सांगायला कचरतो, त्याच्याकडे मी तरी मोठं बांधकाम काढणार नाही.

शर्यती आणि मारामारी हेच तुमचं मुख्य असेल तर जवळचाच बरा. बांधकाम, बाजार, नाटकं, लिहून मारलेल्या गप्पा, नुसतं भटकणं हे तुमचं असेल, तर तीन आकडी पिंगला बिचकू नका. पहिले काही दिवस कळ कधी सोडायची तेवढं शिकण्यात जातील. जिन्याच्या कडेला मात्र सुरुवातीलाच कठडा बांधून घ्या.