चेन सेट 'नवा' टाकला होता, तरी ताम्हिणीत चेन उतरली

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या शनिवारी, मी आणि बायको पुण्याहून दिवेआगरला निघालो होतो. गाडी माझी २०१७ सालची होंडा शाइन मोटारसायकल, घड्याळात ५२ हजार किलोमीटर झालेले. लांब जायचं म्हणून चार दिवस आधी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. त्या सर्व्हिसिंगचे ५,३४० रुपये मी दिले आणि त्यातलं बरंचसं काम झालंच नव्हतं. पैशांचं दुःख आहेच, पण मागे बायको बसलेली असताना घाटाच्या उतारावर काय झालं ते आठवलं की आजही हात गार पडतात. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझा नेहमीचा मेकॅनिक गावी गेला होता. घराजवळच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण वाढवायचं नाही, पद्धत सांगायची आहे. दुकान चकाचक, बाहेर पाच-सहा गाड्या उभ्या. मालकाने गाडीवर एक चक्कर मारली आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, "दादा, कुठे लांब जाणार आहात का?" मी ताम्हिणी घाटाचं नाव घेतलं आणि तिथेच माझं चुकलं. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य घाटावरूनच होतं. "चेन सेट पूर्ण गेलाय, घाटात तुटली तर? मागचे ब्रेक शू संपलेत. हँडलचा कोनसेट वाजतोय. क्लच प्लेट चढाला सोडून देतील. वहिनी बरोबर आहेत म्हणता, मग मी तर अशी गाडी नेऊ देणार नाही." घरच्या माणसाची काळजी पुढे केली की आपण आकडे विचारत नाही. मीही विचारले नाहीत.

संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून तयार होती. हातात एक चिठ्ठी मिळाली: ऑइल ४५०, चेन सेट १,३५०, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) ५२०, मागचे ब्रेक शू २८०, एअर फिल्टर २९०, क्लच प्लेट १,१००, मजुरी १,२००, वॉशिंग १५०. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही, दुकानाचा शिक्कासुद्धा नाही. जुने पार्ट मागितले, तर म्हणाला, "भंगारवाला दुपारीच घेऊन गेला." मी पैसे यूपीआयने दिले आणि घरी आलो.

मला गाडीतलं अगदीच कळत नाही असं नव्हतं. चेन नवी आहे का, हे बघायची एक साधी खूण मला माहीत होती. चेन झिजून लांबते तसतसं मागचं चाक ॲडजस्टरवरच्या खुणांप्रमाणे मागे मागे ओढत न्यावं लागतं. नवी चेन घातली की चाक पुन्हा पुढच्या खुणेवर येतं. घरी आल्यावर पाहिलं, तर चाक पुढे आलेलं होतं. माझं समाधान झालं. शाइनला चेनवर पूर्ण कव्हर असतं, त्यामुळे आतली चेन दिसत नाही. ब्रेकही पायाला कडक लागत होता. आता शंका घ्यायला जागा कुठे होती?

पौड, मुळशी मागे पडेपर्यंत गाडी ठीक होती. पुढच्या चढांवर गिअर टाकून ॲक्सिलरेटर दिला की कव्हरच्या आतून कट्कन आवाज यायला लागला, जणू चेन दातावरून उडी मारते आहे. मी वेग कमी केला. मग विळ्याकडे उतरताना एका वळणाआधी मूठ सोडली आणि आतून जोराचा खडखडाट झाला. गाडी एकदम न्यूट्रलला पडल्यासारखी मोकळी झाली. मूठ सोडल्यावर इंजिन गाडीला जो रोध करतं, तो गेला. मागचा ब्रेक दाबला तर पेडल खोल गेलं आणि गाडी जेमतेम आवरली. पुढच्या डिस्कने वाचवलं. समोरून एक टेम्पो येत होता. डावीकडे भिंतीच्या बाजूला गाडी घेतली, थांबलो, आणि बायको पाच मिनिटं काही बोललीच नाही. चेन खाली उतरली होती. तीच आत अडकून चाक जाम झालं असतं, तर उतारावर दोघंही रस्त्यावर आपटलो असतो.

इंजिन बंदच ठेवून, पुढच्या ब्रेकवर, बायकोला मागून चालत यायला सांगून हळूहळू खाली आलो. विळ्यात रस्त्याकडेला पंक्चर आणि किरकोळ कामं करणारे एक काका भेटले. त्यांनी कव्हर काढलं आणि विचारलं, "चेन नवी आहे कोण म्हणालं तुम्हाला?"

पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातेरी चक्रं, जुनंच होतं. दात झिजून एका बाजूला वाकडे झालेले, हुकासारखे. आणि चेनही तीच. फक्त तिच्या दोन कड्या कापून काढल्या होत्या आणि जोडायला एक नवीन चकचकीत लॉक घातलं होतं. कड्या काढल्या की चेन आखूड होते आणि चाक पुढच्या खुणेवर येतं. मी जी खूण बघून निर्धास्त झालो होतो ती अशी तयार केलेली होती. काका म्हणाले, लांबलेली चेन वेळ मारून न्यायला अशी आखूड करतात, पण प्रत्येक कडी झिजलेलीच राहते, ती दातात नीट बसत नाही. स्प्रॉकेट काढायला मागचं चाक उतरवलं तेव्हा ब्रेकचंही उघडं पडलं. शू जुनेच, ड्रमला घासणारा त्यांच्यावरचा मसाला जवळजवळ संपलेला. ब्रेक कडक लागत होता, कारण ब्रेक रॉडचा नट आवळून ठेवला होता. ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या लिव्हरवर एक बाण असतो आणि प्लेटवर एक खूण असते. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेवर आला की शू बदलायचे. बाण तिथेच येत होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता, हे मला फार लागलं.

काकांनी मुलाला माणगावला पाठवून चेन सेट आणि शू आणवले, पाकिटावरच्या छापील किमतीतच दिले, मजुरी २५० घेतली आणि जुनी चेन, स्प्रॉकेट, शू पिशवीत घालून माझ्या हातात दिले. लहानपणी कराडला वडिलांच्या बजाज एम-८० गाडीचं काम करणारे मिस्त्री असेच बदललेला पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून देत. वडील तो घरी येऊन उलगडून बघत. मी ते पाहत मोठा झालो आणि पुण्यात येऊन ती सवयच विसरलो.

दिवेआगर राहिलं. सोमवारी घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. एअर फिल्टर काढला, तर मागच्या पावसाळ्यातली धूळ आणि पानाचा चुरा त्यात तसाच. क्लच प्लेट नव्या आहेत की नाहीत हे बाहेरून दिसत नाही, पण त्या बदलायला इंजिनचं उजवं कव्हर उघडावं लागतं. उघडलं की बोल्टांवर पान्याचे ओरखडे दिसतात आणि गॅस्केट (कव्हरखालची गळती रोखणारी पातळ पट्टी) नवं टाकावं लागतं. माझ्या कव्हरच्या बोल्टांच्या खाचांत वाळलेली माती घट्ट बसलेली होती आणि चिठ्ठीत गॅस्केटचा पत्ता नव्हता. कोनसेटचं मी खात्रीने म्हणू शकत नाही. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून हलवलं तर ढिलाई नव्हती, पण नुसता नट आवळूनही तसं होतं. ऑइलबद्दलही आरोप करत नाही. ते काळं दिसत होतं, पण ऑइल लवकर काळं पडतं, तेवढ्यावरून ते जुनं ठरत नाही.

चिठ्ठी, फोटो आणि जुने पार्ट घेऊन गॅरेजमध्ये गेलो. आधी म्हणाला, "पोराकडून चूक झाली असेल." मग म्हणाला, "तुम्ही बाहेर गाडी खोललीत, आता आमची जबाबदारी नाही." शेवटी चार गिऱ्हाइकं ऐकायला लागल्यावर चेन सेटचे १,३५० रुपये परत दिले. बाकीच्यासाठी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे शिक्का नसलेली चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद. नोंदीवरून पैसे दिल्याचं कळतं, कशाचे दिले ते कळत नाही. नंतर वाचलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दावा करायला शुल्क नाही. हे आधी माहीत असतं तर बिलाशिवाय मी दुकानाची पायरी उतरलो नसतो.

तुम्ही गाडी टाकायला जाल तेव्हा कुठे जाणार आहात ते सांगू नका. काय काय बदलायचं ते आधी लिहून घ्या आणि "न विचारता काही बदलायचं नाही" हे मालकासमोर, काम करणाऱ्या मुलालाही सांगा. पार्टचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फुटू द्या, ते रिकामं पाकीट घरी न्या, छापील किंमत बिलाशी जुळवा. शक्य असेल तर तिथेच उभे राहा. चेन सेट बदलायला काही पूर्ण दिवस लागत नाही. ऑइलचा डबा सीलबंद आणा आणि तो दुचाकीचाच असू द्या. त्यावर जासो एमए किंवा एमए-२ (JASO MA, MA2, म्हणजे दुचाकीच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघा, कारण आपल्या गाड्यांत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरू शकतो.

मी आता ऑइल, एअर फिल्टर, प्लग आणि चेनचा ताण घरीच बघतो. पाचशे किलोमीटरला एकदा कव्हरचं रबरी बूच काढून चेन बोटाने वर-खाली करतो. माझ्या गाडीला ती दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. तुमचं माप पुस्तिकेत बघा. ब्रेकच्या बाणाकडे दर रविवारी नजर टाकतो.

आणखी एक गोष्ट, जी मला काकांनी निघताना सांगितली. जुना पार्ट परत दिला म्हणजे तो आपलाच असतो असं नाही. गॅरेजमध्ये जुन्या पार्टांचा ढीगच पडलेला असतो. म्हणून गाडी टाकण्याच्या आदल्या रात्री चेनच्या एका कडीवर, मागच्या स्प्रॉकेटवर आणि एअर फिल्टरच्या कडेला नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. परत आलेल्या पिशवीत आधी तो ठिपका शोधा. पिशवीत नसेल, तर गाडीत बघा.