मिलवॉकी वेव्हचा सीझन पास, काचेलगतची जागा

मिलवॉकी वेव्ह या अमेरिकेतल्या संघाचा, म्हणजे इनडोअर सॉकरचा (बंदिस्त जागेतल्या फुटबॉलचा) अख्खा सीझन पहिल्यांदाच पाहिला, तोही मुद्दाम काचेलगतची जागा घेऊन. मैदान आइस हॉकीच्या रिंकएवढं, वर कृत्रिम गवत, गोलकीपर धरून एका बाजूला सहाच जण. चेंडू मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटून परत खेळात येतो, त्यामुळे उसंत अशी नाहीच. एकदा तो नाकासमोर काचेवर असा धाडकन आदळला की शेजारचा मुलगा आईला बिलगला. निळं कार्ड मिळालेला खेळाडू 2 मिनिटं बाहेर बसतो. उरलेले चौघे गोलकीपरपुढे झुंजतात, तेव्हा माझा श्वास अडकतो. 15 मिनिटांचे चार भाग भर्रकन सरतात. एवढंच, की खालून पलीकडचा कोपरा नीट दिसत नाही. पुढच्या सीझनला चार रांगा वर बसणार.