मथळे वाचू की यादी पाठ करू?

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. परवा म्हणाली, "मामा, इंग्रजी शब्दांसाठी पेपरचे मथळे वाचू, की यादीचं पुस्तक पाठ करू?" मी दोन्ही करून बसलोय.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. वाचनालयात पेपर फुकट, पुस्तक जुन्या बाजारात मिळतं.

लक्षात राहण्यात मथळे सरस. 'नॉड' म्हणजे मान डोलावणं, पण 'कॅबिनेट नॉड' वाचलं की मंजुरी हा अर्थ पक्का बसतो. 'प्रोब' म्हणजे चौकशी, 'मल' (mull) म्हणजे विचार चालू असणं. रकान्यात जागा कमी, म्हणून असे आखूड शब्द तेच तेच फिरून येतात. उजळणी आपोआप होते. यादीतले शब्द मात्र माझ्या डोक्यातून आठवड्यात पुसले गेले.

अचूकपणात मथळे फसवतात. 'रो' म्हणजे रांग. तेच स्पेलिंग वाद या अर्थाने आलं की उच्चार 'राउ'. छापील अक्षरांवरून हे कळणार कसं? शिवाय कालची घटना वर्तमानकाळात, 'अ' आणि 'द' गायब, 'टू' लावलं की भविष्यकाळ. निबंधात असं लिहिलं तर गुण गेलेच. आणि 'बाबांनी सहलीला नॉड दिला' असं घरी कोण बोलतं!

समानार्थी-विरुद्धार्थी जोड्या मथळ्यांत मिळत नाहीत, यादीत मिळतात.

परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर यादी घे. वर्षभर हाताशी असेल आणि पेपर समजून वाचायचा असेल तर मथळे, पण खालची बातमीही वाच. नुसतं बोलायला शिकायचं असेल तर दोन्ही बाजूला ठेव.